रेडिओलॉजिस्टची परीक्षा घेऊ नका, हिस्टरी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय बघून रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर, आणि हे पत्र एका सवयीबद्दल आहे जी शिकल्यासवरलेल्या लोकांमधे जरा जास्तच दिसते. पेशंट टेबलवर येतो, आम्ही हिस्टरी विचारतो, म्हणजे काय त्रास होतोय, आधी काय झालंय, उत्तर येतं "तुम्हीच बघा ना". किंवा "डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय", आणि चिठ्ठीवर असतं "पोटात दुखणे", बास. कधी सोबतचा नातेवाईक मागून डोळ्यानं खुणावतो की काही बोलू नको. जुनी फाईल मुद्दाम गाडीत ठेवलेली असते. रिपोर्ट हातात पडला की मग ती बाहेर निघते आणि आम्हाला सांगितलं जातं की आधीच्या ठिकाणी पण हेच आलं होतं, बघू म्हटलं तुम्हाला सापडतं का.

म्हणजे आमची परीक्षा चालू होती आणि आम्हाला पत्ताच नाही. पास झालो म्हणून आनंद मानायचा का, हे मला आजवर कळलेलं नाही.

यामागचा विचार अगदीच चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. लोकांना वाटतं की आधी सांगितलं तर डॉक्टर तेच लिहून मोकळे होतील, न सांगता जे सापडेल ते खरं. शिवाय एवढं मोठं मशीन आहे, एवढे पैसे घेतात, मग त्यात सगळं दिसायलाच पाहिजे, तोंडानं सांगायची गरज काय. या दोन्ही गोष्टींवर लिहायचंय. पण दुसरी आधी घेतो, कारण खरी गडबड तिथं आहे.

लोक धरून चालतात की फोटो आधी निघतो, जसा आहे तसा, आणि हिस्टरीचा प्रश्न आला तर तो नंतर, रिपोर्ट लिहिताना. असं नाहीये. तुम्ही काय सांगता यावर फोटो कसा काढायचा ते ठरतं. पोटाचा सीटी म्हटलं की एक ठरलेली तपासणी आहे असं वाटतं, पण आत कन्सोलवर बसलेल्या टेक्निशियनसमोर पाच-सहा पर्याय असतात. मुतखड्याचा संशय असेल तर डाय (आतलं उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) न देता साधा स्कॅन करायचा, कारण डाय लघवीत उतरली की तीही पांढरी आणि खडाही पांढरा, मग त्या पांढऱ्यात खडा शोधत बसा. लिव्हरमधे गाठ आहे का हे बघायचं असेल तर डाय दिल्यावर साधारण ३५ सेकंदांनी एक स्कॅन आणि ७० सेकंदांच्या आसपास दुसरा, कारण लिव्हरचा कॅन्सर बऱ्याचदा पहिल्या फेजमधे झळकतो आणि नंतरच्या फेजमधे आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा फिका पडतो, या दोन्ही गोष्टी मिळून निदान होतं. आता चिठ्ठीवर नुसतं "पोटात दुखणे" आहे, पेशंटला जुनी कावीळ आहे, हिपॅटायटिस बी आहे, हे कुणी बोललंच नाही, तर काय होणार, नेहमीचा एकच स्कॅन ७० सेकंदांनी होणार, आणि त्या वेळेला ती गाठ लिव्हरच्याच रंगाची झालेली असू शकते. जी फेज घेतलीच नाही ती नंतर कितीही डोळे ताणले तरी सापडणार नाही. मग पुन्हा बोलवा, पुन्हा सुई, पुन्हा डाय, पुन्हा रेडिएशन.

छातीचं तसंच. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे का हे बघायला डाय त्या वाहिनीत ठासून भरलेली असतानाच स्कॅन मारावा लागतो, ती वेळ काही सेकंदांची असते, आणि मुख्य धमनी फाटली आहे का हे बघायचं असेल तर त्याची वेळ वेगळी, थोडी नंतरची. दोन्ही पेशंट "छातीत दुखतंय, दम लागतोय" असंच सांगत येतात. पण एकाचं मागच्याच आठवड्यात पायाचं ऑपरेशन झालंय आणि पोटरी सुजली आहे, आणि दुसऱ्याला वर्षानुवर्षं बीपी आहे आणि कळ एकदम पाठीत गेली असं तो म्हणतोय. एवढी दोन वाक्यं सांगितली की त्यावरून आम्ही बटण कधी दाबायचं ते ठरवतो.

एमआरआयमधे तर हे अजून जास्त. "ब्रेन एमआरआय" ही एक तपासणी नाहीच, ते एक नुसतं आडनाव समजा. नेहमीच्या स्कॅनमधे मेंदूचे काप साधारण ५ मिलिमीटर जाडीचे असतात. एका कानानं ऐकू येणं कमी झालंय हे सांगितलं तर कानाच्या नसेभोवती बारीक काप घेतात, फिट येतात हे सांगितलं तर कानशिलामागच्या भागाचे वेगळ्या दिशेनं काप घेतात, पाळी थांबली आहे आणि अंगावर पाजत नसताना दूध येतंय असं सांगितलं तर पिट्युटरी ग्रंथीचा छोटासा चौकोन वेगळा स्कॅन करतात. पिट्युटरीतली ३-४ मिलिमीटरची गाठ जाड कापांमधे निसटू शकते. तिथं मशीन कितीही महागडं असू दे, त्याला कुठं बारीक बघायचं हे सांगावंच लागतं.

आणि सोनोग्राफीचं एक उदाहरण देतो जे मला सगळ्यात जास्त आवडतं. जांघेत गोळा येतो म्हणून पेशंट पाठवलेला असतो, चिठ्ठीवर लिहिलेलं असतं "पोटाची सोनोग्राफी". पेशंटही काही बोलत नाही, लाजेनं म्हणा किंवा परीक्षा म्हणून म्हणा. तो आडवा झोपतो आणि झोपल्याबरोबर हर्निया आत जातो. लिव्हर बघितलं, किडनी बघितली, सगळं नॉर्मल, रिपोर्ट नॉर्मल, फी भरली, घरी गेले. त्यानं फक्त एवढं म्हटलं असतं ना की उभं राहिलं किंवा खोकलं की इथं फुगतं, तर आम्ही त्याला उभं केलं असतं, खोकायला लावलं असतं, श्वास रोखून जोर करायला लावला असता आणि प्रोबखाली आतडं सरकताना डोळ्यांनी बघितलं असतं. मशीन तेच, डॉक्टर तोच.

आता दुसरा भाग, फोटो निघाल्यानंतरचा. शेवटी आमच्यासमोर काय असतं, काळ्या-पांढऱ्याच्या छटा. फुफ्फुसात धुरकट पांढरट डाग दिसला तर तो इन्फेक्शनचा असू शकतो, रक्तस्रावाचा असू शकतो, हार्टमुळे साठलेल्या पाण्याचा असू शकतो, एखाद्या औषधाचा परिणाम असू शकतो. अमायोडॅरोन नावाची हृदयाच्या ठोक्यांसाठीची गोळी किंवा संधिवातासाठी देतात ते मेथोट्रेक्सेट, या दोन्हींनी फुफ्फुसाला त्रास होऊ शकतो, हे कुठल्याही रेडिओलॉजिस्टला माहीत असतं, पण तुम्ही ती गोळी घेता हे त्याला कुठून माहीत असणार? डाग स्वतःहून बोलत नाही. छातीला कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) दिलेले असतील तर फुफ्फुसात सरळ रेघेत कापल्यासारखा डाग दिसतो, माहीत असेल तर एका नजरेत कळतं, माहीत नसेल तर न्यूमोनियापासून पुन्हा उलटलेल्या कॅन्सरपर्यंत सगळं लिहावं लागतं आणि ते वाचून घरात रडारड.

गर्भाशयाच्या अस्तराची जाडी हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. समजा स्क्रीनवर मोजलं, १२ मिलिमीटर. तिशीतली बाई असेल, पाळी येऊन वीस-बावीस दिवस झाले असतील, तर हे पूर्ण नॉर्मल, पुढं बघायचं कारणच नाही. साठीतली बाई असेल, पाळी जाऊन दहा वर्षं झाली आणि आता परत अंगावरून जायला लागलं असेल तर हेच १२ मिलिमीटर म्हणजे लगेच पुढची तपासणी, तुकडा काढून बघणं, कारण अशा बाईत अस्तर ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तरच कॅन्सरची शक्यता अगदी थोडी धरतात. आणि तिसरी बाई, ब्रेस्ट कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असलेली, तिच्यात ती गोळीच अस्तर जाड दाखवते, त्यामुळे तिथं नुसत्या आकड्यावर काही ठरत नाही, रक्तस्राव होतोय का हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आकडा तिघींचा एकच. शेवटच्या पाळीची तारीख विचारली की काही जणी वैतागतात, "त्याचा काय संबंध". संबंध हा असा आहे.

पित्ताशय काढलेलं असणं ही गोष्ट तर लोक विसरूनच जातात. दुर्बिणीतून झालेलं ऑपरेशन, पोटावर तीन-चार बारीक खुणा, त्या पण पुसट. आम्ही पित्ताची पिशवी शोधत बसतो, आक्रसलेली आहे का, खड्यांनी भरलेली आहे का, आणि वर पित्ताची नळी थोडी रुंद दिसते म्हणून शंका अजून वाढते. पिशवी काढल्यावर नळी थोडी रुंद असणं हे बऱ्याच जणांत चालतं. एक वाक्य, "पिशवी काढली आहे", आणि सगळा गोंधळ मिटतो. स्तनाचं जुनं ऑपरेशन झालं असेल तर मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेमधे) त्या जागेचा व्रण हुबेहूब कॅन्सरसारखा टोकदार दिसू शकतो. कोविडच्या लसी सुरू झाल्यावर २०२१ मधे जगभर मॅमोग्राफी आणि पेट स्कॅनमधे (कॅन्सर शोधायला करतात तो स्कॅन) ज्या हातावर लस घेतली त्या बाजूच्या काखेत सुजलेल्या गाठी दिसायला लागल्या, तेव्हापासून लस कुठल्या हातावर आणि कधी घेतली हे विचारायची पद्धतच पडली. गाठी खऱ्या होत्या, कारण साधं होतं.

फ्रॅक्चरच्या बाबतीत हे मोजून बघितलेलं आहे. अमेरिकेत केव्हिन बर्बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मधे दाखवलं की नेमकं कुठं दुखतंय हे सांगितलं की एक्स-रेवर फ्रॅक्चर ओळखायचं प्रमाण सुधारतं. यात जादू काही नाही, मनगटाच्या एक्स-रेमधे आठ छोटी हाडं एकमेकांवर चढलेली असतात, त्यातल्या स्कॅफॉइड हाडाचं फ्रॅक्चर पहिल्या दिवशी दिसतही नाही कधी कधी. अंगठ्याच्या मुळाशी खळगा असतो तिथं बोट दाबलं की पेशंट कळवळतो, एवढं लिहिलेलं असेल तर एक्स-रे नॉर्मल दिसला तरी आम्ही लिहितो की हात बांधून ठेवा, दहा-चौदा दिवसांनी परत काढा नाहीतर एमआरआय करा. आणि चिठ्ठीवर फक्त "हात दुखणे" असेल, कुठला भाग, कधीपासून, पडला का मार लागला, काहीच नाही, तर रिपोर्ट "हाडाला इजा दिसत नाही" असा जातो. खोटं काही लिहिलेलं नसतं, पण त्या हाडाला रक्तपुरवठा असा उलटा असतो की दुर्लक्ष झालं तर तुकडा मरतो, आणि मग तो पोरगा पुढं कायम मनगट धरून फिरतो.

बरं, आता पहिला आक्षेप, की सांगितलं तर डॉक्टर वाहवत जातील. हे खोटं नाही, आणि आमच्यातलेच लोक ते मान्य करतात. २०१३ मधे प्रसिद्ध झालेला एक प्रयोग खूप गाजला होता. फुफ्फुसाच्या सीटीमधे छोट्या गाठी शोधायला २४ रेडिओलॉजिस्टना बसवलं आणि शेवटच्या केसमधे चक्क एका गोरिलाचं चित्र घुसवून ठेवलं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना तो दिसलाच नाही, आणि डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रावरून कळलं की त्यातल्या बहुतेकांची नजर थेट गोरिलावरून फिरली होती. गाठ शोधत होते म्हणून गोरिला दिसला नाही. म्हणजे एकच गोष्ट शोधायला सांगितली की बाकीचं नजरेतून सुटतं हे खरं, मी हे लपवून ठेवणार नाही, माझ्या बाजूच्या विरोधात जात असलं तरी.

पण मग सगळं लपवून ठेवलं तर बरं होतं का, हाही प्रश्न तपासलेला आहे. सिडनीच्या क्लेमेंट लॉय आणि लेस इर्विग यांनी २००४ मधे जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमधे अशा सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेच फोटो माहितीशिवाय वाचले आणि माहितीसकट वाचले तर काय फरक पडतो. एकंदरीत निघालं ते असं की माहिती दिल्यावर खरे आजार जास्त पकडले गेले, आणि त्या बदल्यात नसलेले आजार चिकटवायचं प्रमाण काही वाढलं नाही. लोकांना भीती असते ती याचीच ना, की सांगितलं तर नसलेलं लिहितील.

म्हणून आमच्यातले बरेच जण काय करतात, पहिला फेरा काही न वाचता मारतात, वरपासून खालपर्यंत सगळे काप, जे दिसेल ते मनात नोंदवतात, मग चिठ्ठी वाचतात, पेशंटशी बोलतात, आणि परत दुसरा फेरा मारतात. मला ही पद्धत पटते, वेळ जास्त जातो पण पटते. आणि ज्यांना खरंच स्वतंत्र मत हवंय त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे. आधीच्या डॉक्टरनं काढलेला निष्कर्ष हवं तर शेवटपर्यंत दाखवू नका, तो रिपोर्टचा कागद खिशात ठेवा, पण त्रास सांगा, ऑपरेशनं सांगा, गोळ्या सांगा आणि जुन्या फिल्म किंवा सीडी द्या. निष्कर्षानं नजर बांधली जाते, त्रास सांगितल्यानं नाही. डॉक्टर मित्रांनाही हेच सांगणं आहे, चिठ्ठीवर "अ‍ॅपेंडिक्स?" एवढंच लिहिण्यापेक्षा "काल रात्रीपासून बेंबीशी दुखत होतं, आता उजव्या बाजूला खाली, ताप, दोन उलट्या" हे लिहा. पहिल्यात तुम्ही आम्हाला उत्तर देताय आणि आम्ही फक्त बरोबर की चूक एवढं करायचं, दुसऱ्यात उजव्या किडनीचा खडा, बाई असेल तर बीजकोशाचा पीळ, लहान आतड्याच्या शेवटाची सूज, हे सगळं आपोआप नजरेखालून जातं.

जुन्या सीडीवर जरा थांबतो. लोक रिपोर्ट आणतात, फोटो आणत नाहीत, फोटो कुठंतरी कपाटावर. आम्हाला उलटं हवं असतं. फुफ्फुसात ७-८ मिलिमीटरची घट्ट गाठ दिसली तर आजच्या फोटोवरून ती नेमकी कसली हे बऱ्याचदा सांगताच येत नाही, फॉलोअप, पेट स्कॅन, सुईनं तुकडा काढणं असं प्रकरण सुरू होतं. तीच गाठ दोन वर्षांपूर्वीच्या सीटीत होती आणि तेवढीच होती हे दिसलं तर बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. जुन्या रिपोर्टमधे ती लिहिलेली नसेलही, तेव्हा कुणी दुसऱ्याच कारणासाठी स्कॅन केलेला असेल, पण फोटोत ती बसलेली असते. तुलना करायला फोटोला फोटो लागतो.

इथं एक गोष्ट आमच्या बाजूची पण लिहायला हवी नाहीतर पत्र एकतर्फी होईल. रिपोर्टच्या खाली "क्लिनिकली कोरिलेट करावे", म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी जुळवून बघा, असं लिहायची आमची जी सवय आहे ती कधी कधी योग्य असते आणि कधी कधी शुद्ध हात झटकणं असतं. चिठ्ठी अर्धवट आली तर फोन उचलून पाठवणाऱ्या डॉक्टरला विचारता येतं, पेशंट बाहेर बाकावर बसलेला असतो त्याला विचारता येतं, पण तेवढं कुणी करत नाही कारण मागं वीस जण थांबलेत. तिकडं ओपीडीत बसलेल्या डॉक्टरकडं पण तेवढीच गर्दी. मग तो दोन शब्दांत चिठ्ठी लिहितो, आम्ही दोन शब्दांत कोरिलेट करा म्हणतो, आणि पेशंट दोघांच्या मधे फाईल घेऊन फिरतो. शिवाय आता बरेचसे रिपोर्ट, रात्रीचे तर खासकरून, स्कॅन झाला तिथं बसून लिहिले जातच नाहीत, फोटो नेटवरून दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरकडं जातात. त्याला पेशंट दिसत नाही, पेशंटचा चेहरा, जखम, व्रण, नातेवाईक, काहीच दिसत नाही. त्याच्याकडं फोटो आणि चिठ्ठीवरची एक ओळ एवढंच असतं. त्या ओळीत काय आहे त्यावर रात्री दोन वाजता कुणाचं तरी ऑपरेशन ठरतं.

पॅरालिसिसच्या पेशंटमधे तर तीच ओळ सगळं काम करते. स्ट्रोक होऊन तास-दोन तास झालेले असताना सीटी बऱ्याचदा नॉर्मल दिसतो. पण उजवा हात-पाय गेलाय आणि बोलता येत नाही हे कळलं की आम्ही मेंदूची डावी बाजू परत बारकाईनं बघतो, डावीकडची मधली धमनी गुठळीमुळे जरा जास्त पांढरी दिसते का, तिथला कडेचा पांढरा पट्टा पुसट झालाय का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेशंटला शेवटचं ठणठणीत कुणी आणि किती वाजता बघितलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर वेळ उठल्यापासूनची धरत नाहीत, झोपताना बरा होता ती वेळ धरतात. त्यामुळे घरच्यांनी "सकाळी झालं" असं मोघम सांगू नये, किती वाजता झोपले, रात्री बाथरूमला उठले होते का, कुणाशी बोलले का, हे आठवून सांगावं.

सेफ्टीचा भाग लोकांना फॉर्म भरायचा कंटाळा येतो म्हणून थोडक्यात. एमआरआयच्या आधी पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट विचारतात ते सगळ्यांना माहीत असतं, पण डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का हे विचारलं की लोक हसतात. वेल्डिंग, ग्राइंडिंग करणाऱ्यांनी हसू नका, तो कण आत राहिलेला असेल तर एमआरआयच्या चुंबकानं हलू शकतो आणि डोळा जाऊ शकतो, शंका असेल तर आधी साध्या एक्स-रेनं बघून घेतात. सीटीच्या डायच्या आधी किडनीचा त्रास, क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा), पूर्वी अशा इंजेक्शननं पुरळ किंवा दम लागला होता का, हे सांगा. डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा, किडनी फार कमजोर असेल तर ती डायच्या वेळी बंद करतात आणि ४८ तासांनी किडनी तपासून मगच परत चालू करतात. बायकांनी पाळी चुकली असेल तर एक्स-रे, सीटीच्या आधी सांगायचं, नंतर नाही. फॉर्मवर सगळीकडं "नाही नाही नाही" अशी एका फटक्यात टिक मारून सही करू नका एवढीच विनंती.

आता एआय आलंय, एक्स-रे वाचणारी सॉफ्टवेअर्स आली आहेत, मग हे सगळं कशाला असं मला परवा कुणीतरी विचारलं. ती सॉफ्टवेअर्स चांगली आहेत, काही कामात मला त्यांची मदत होते, पण त्यातली बहुतेक फक्त फोटो बघतात. तुमची पिशवी काढली आहे हे त्यांनाही कुणीतरी सांगावंच लागेल. आणि गंमत बघा, १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमधे गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या मशीनवर जगातल्या पहिल्या पेशंटचा सीटी झाला, तेव्हा त्या बाईच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी असा डॉक्टरांना आधीच संशय होता आणि म्हणूनच तिला त्या मशीनमधे घातलं. काय शोधायचंय ते माहीत नसताना कुणी तिला तिथं झोपवलं नव्हतं.

शेवटी एक नाजूक विषय आहे, तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. काही वेळा माहिती परीक्षा म्हणून लपवलेली नसते, भीती किंवा लाज म्हणून लपवलेली असते. गर्भपात झालेला असतो आणि सासू शेजारी उभी असते. एचआयव्ही असतो. दारू असते, मार खाल्लेला असतो आणि मारणाराच सोबत आलेला असतो. नाहीतर घरच्यांनी पेशंटला कॅन्सर असल्याचं सांगितलेलंच नसतं, म्हणून ते केमोची फाईल आणत नाहीत, आणि आम्ही पाठीच्या मणक्यातला डाग जुन्या टीबीचा की आणखी कशाचा यावर डोकं खाजवत बसतो. असं असेल तर पेशंट आत जायच्या आधी टेक्निशियनला किंवा नर्सला बाजूला घेऊन सांगा, एका कागदावर लिहून पाकिटात घालून द्या. पेशंटला स्वतःला सांगायचं असेल तर "नातेवाईकांना बाहेर थांबवता का" एवढं म्हटलं तरी पुरतं, तपासणीच्या खोलीतून बाकीच्यांना बाहेर पाठवणं आम्हाला रोजचं आहे, कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

आपला,
एक रेडिओलॉजिस्ट
(नाव छापू नये ही विनंती)